शनिवारची नखं

दोन हजार चोवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा, अन् शेजारचा परसराम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दर शनिवारी सकाळी हा बाबा ओट्यावर बसून नखं कापायचा. कारण काय, तर आदल्या दिवशी शाळेचा निरोप आलेला असे : 'उद्या मुलांनी नखं कापून यावं.'

शाळेत त्याचं कोणी नव्हतं. नातू सोहम वर्षाआधीच आईबापासंग पुण्याला गेलेला. पण शाळेच्या पालक ग्रुपात परसरामचा नंबर राहून गेला होता. आमच्या शाळेच्या बाई निरोप लिहून नाही, बोलून पाठवतात. वावरातल्या माणसाला काम करता करता ऐकता येतं. परसराम तो एवढ्या मोठ्यानं लावायचा की सारी गल्लीच पालक होऊन जाय. मग फोन तोंडापुढं पापडासारखा धरून उत्तर, "मी परसराम बोलून राह्यलो. निरोप भेटला. हाजीर!"

नुसता हाजीर नाही. जंताच्या गोळीचा निरोप आला, तर हा शाळेच्या दारात तोंड उघडून उभा. शाळेला सुट्टी असली की याच्या मळ्यात वांग्याची तोडणी बंद. त्याची बायको गोदावहिनी ओरडे, "मालेगावचा बाजार हाये उद्या, वांगे जून होतीन!" हा म्हणे, "शाळेचा आदेश हाये." एकदा मुलांना पाच झाडांची पानं आणायला सांगितली. यानं टोपलंभर मेथी नेऊन दिली. "हेबी पानंच हायेत, बाई." त्या दिवशी पोरांना खिचडीसंग मेथीची भाजी भेटली.

मी फोन ठेवत नाही. शिकलो दुसरीपर्यंत, पण सावकारापुढं अंगठा टेकवला नाही, तो काचेवर कायले टेकवू? माझी नात ईश्वरी तिसरीत आहे. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात, पोरगी आमच्यापाशी राहते. बाई नंबर मागून मागून थकल्या. माझं एकच, "पोरीले तोंड हाये. ते सांगते घरी येऊन."

एका शुक्रवारी संध्याकाळी परसराम माझ्या ओट्यावर आला. फोन पुढं केला.

"पाह्य बरं ईश्वरी, हा मुका काहून झाला?"

तिनं पाहिलं. "तुमाले ग्रुपातून काढलं, आबा. ज्याईचं लेकरू शाळेत नाही, त्या साऱ्याईले काढलं."

मला हसू आलं. "बरं झालं. आता तरी टायमावर वांगे तोडशीन."

तो हसला नाही. फोन खिशात घातला, पुन्हा काढला.

"पुण्याची शाळाबी निरोप धाडते म्हणे. पण तो सूनबाईच्या फोनवर येते, मले कुठून समजन? सोहम इथं होता तवा शनिवारी आमी संगच बसू. मी त्याचे नखं कापो, तो माहे कापे." मग म्हणाला, "इथला निरोप आला का वाटे, तिकडं त्यालेबी हेच सांगतलं असन. तोबी आता बसला असन कापत."

मी म्हटलं, "चहा घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीसंग शाळेत गेलो. बाईंना म्हटलं, "पोरीचा नंबर लिवून घ्या."

"घेतला का फोन, बाबा?"

"घेत नसतो. परसरामचा लिवा. काल तुमी काढला तोच."

"पण ते ईश्वरीचे कोण?"

"आजोबा."

"मग तुम्ही?"

"मीबी आजोबाच. माह्याजवळ नात हाये, त्याच्याजवळ फोन हाये. लिवा."

बाईंनी नंबर टाकला अन् माझ्यासमोरच कालचा नखांचा निरोप पुन्हा बोलल्या. मी परत निघालो. गल्लीत शिरतो न शिरतो तोच तिकडून "हाजीर!" ऐकू आलं. परसराम ओट्यावर बसला होता. मी जवळ जाऊन बसलो अन् दोन्ही हात पुढं केले.

"तुहे झाले का मंग माहे काप," म्हटलं.