भूस्तरीय समायोजन

१९८४च्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांना पाणी देणारं घाटातलं नवं धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं, आणि थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांतली भांडी फळीवरून आपोआप खाली उतरू लागली. पाणीपुरवठा खात्याने या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि ‘भूकंप’ हा शब्द वापरायला मनाई केली.

मनाई अमलात आणायचं काम घाटकोपरच्या कचेरीतल्या प्रसिद्धी शाखेकडे, म्हणजे कुंडलिक शिरसाटकडे आलं. त्याची पंचाईत अशी, की त्याची थोरली बहीण सोनूबाई त्यातल्याच एका गावात नांदत होती.

“साहेब, एवढ्या पाण्याचं वजन पडतं, पाणी भेगांतून खोल मुरतं आणि खालचे खडक सरकतात, असं भूगर्भवाले म्हणतात,” तो उपअभियंता विद्याधर टिपणिसांना म्हणाला.

“म्हणू दे रे. आपण ‘भूस्तरीय समायोजन’ म्हणायचं. समायोजन काय वाईट असतं? संसारात तू करतोसच ना?”

कुंडलिकने तसं पत्रक काढलं. जमिनीने ते वाचलं नसावं. हादरे वाढले, तेव्हा खात्याने अभ्यास समिती नेमली. समिती जीपमधून धरणावर गेली, विश्रामगृहात कोंबडीवर ताव मारून परतली आणि निष्कर्ष दिला, की हादऱ्यांची नोंद होते ती केवळ तिथे भूकंपमापक यंत्र असल्यामुळे. यंत्र दुरुस्तीसाठी काढून नेण्यात आलं. त्यानंतर एकाही हादऱ्याची नोंद झाली नाही. टिपणिसांना बढती मिळाली.

दिवाळी सरली आणि सोनूबाई मुलुंडला भावाच्या दारात उभी राहिली. कपाळाला पट्टी, काखेत बोचकं.

“भिंत पडली रं कुंडल्या. म्हस गाडली गेली. मी वसरीत व्हते म्हनून वाचले.”

“आक्का, भरपाई मागितलीस का?”

“मागितली की. सायेब म्हनला, भरपाई भूकंपाची मिळती. ह्ये समायोजन हाय. तूच लिवलंयस म्हनं?”

कुंडलिकने तिच्या काखेतलं बोचकं घेऊन आत ठेवलं. त्याची बायको लता पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी नोकरीत प्रथमच त्याचा आवाज चढला. “साहेब, धरणातलं पाणी थोडं उतरवा. माझी बहीण मरता मरता वाचलीय!”

टिपणीस मुळीच रागावले नाहीत. “उतरवू ना. पण मग उपनगरांचं संध्याकाळचं पाणी बंद करावं लागेल. जनतेला विचारू. लोकशाही आहे.”

जनतेला विचारण्याची सुरुवात कुंडलिकच्याच सोसायटीपासून झाली. टिपणीस जातीने आले. गच्चीवर सभा भरली.

“हलणाऱ्या गावात राहायचंच कशाला म्हणते मी?” नलिनीबाईंनी विचारलं. त्यांच्या बाल्कनीत गुलाबाच्या कुंड्या होत्या.

“वाट लागेल यार,” तळमजल्यावरचा सीताराम म्हणाला. “आत्ताच तर बाथरूमला टाइल्स लावल्या.”

“पाणी कमी करू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा,” टिपणीस म्हणाले.

हात वर गेले. कुंडलिकचे मांडीवरच होते. लताने त्याला कोपराने ढोसलं. “कर ना वर. संध्याकाळचे कपडे धुवायला तुझा साहेब येणार आहे काय?”

त्याने हात वर केला, अर्धा, खांद्यापर्यंतच. पण मोजणीत अर्धा हात नसतो; तो पूर्णच धरला गेला.

मागे बसलेली सोनूबाई भावाकडे बघत होती. मग तिनेही हात उंच केला.

“आक्का, तू कशाला गं?” कुंडलिक पुटपुटला.

“माझं घर तर पडलंच हाय,” ती म्हणाली. “तुमचं पानी तरी ऱ्हाऊ दे.”

टिपणिसांचा चेहरा उजळला. ठराव एकमताने, आणि धरणग्रस्तांच्या जाहीर पाठिंब्यासह, मंजूर झाल्याचं त्यांनी तिथल्या तिथे घोषित केलं. टाळ्या पडल्या.

धरण भरलेलंच राहिलं. त्या वर्षी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत दोन्ही वेळा पूर्ण दाबाने पाणी आलं. तुमच्याकडेही आलं असणार. नसतं आलं, तर तुम्ही नक्की चौकशी केली असती.