रोवणीपुरतं स्पॅनिश

ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात, बकाराम कापगत्यांचा भुऱ्या बैल खाली बसला. दमून बसला असता तर गोष्ट वेगळी होती. हा पंगतीला बसावा तसा बसला आणि निवांत रवंथ करू लागला. जोडीतला दुसरा बैल जुवाखाली मान वाकडी करून उभा राहिला, आणि बकाराम हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणीची काठी, घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघू लागला.

आधी त्याने शिव्या घातल्या. बकारामच्या शिव्या केशोरीच्या आसपासच्या गावांत नावाजलेल्या होत्या. लोक त्या ऐकायला बांधावर थांबत. गोड शब्द मात्र त्याच्या तोंडून निघालेला कोणी ऐकला नव्हता. बायकोला, रुख्माला, तो "अवं" एवढीच हाक मारायचा, आणि घाईत असला की तेही नाही, नुसता खाकरायचा. रुख्मा त्या खाकरण्यावरून ओळखायची की चहा हवा आहे की पंचा.

शिव्या संपल्या, शेपटी पिळून झाली, जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. डॉक्टर म्हणाले की बैल ठणठणीत आहे, तुमचंच ब्लडप्रेशर एकदा बघून घ्या. बकारामचा जीव टांगणीला लागला तो नुसत्या रोवणीसाठी नव्हे. गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान पिढ्यान् पिढ्या दुलीचंदच्या घराकडे होता. औंदा दुलीचंदने ट्रॅक्टर घेऊन बैल विकले आणि मान मोकळा झाला. गावाने तो बकारामला दिला. दुलीचंदला ते झोंबलं. बैठकीत तो म्हणाला होता की बकारामचा बैल तोरणाखाली बसला आणि उठला नाही तर मान परत माझा, आणि मी तिथून ट्रॅक्टर नेईन. भुऱ्या असा कुठेही बसतो ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

दुसऱ्या दिवशी रुख्मा शिदोरी घेऊन भाताच्या बांधीवर आली तेव्हा भुऱ्या पुन्हा बसलेला होता. तेवढ्यात पुण्याहून दामिनीचा फोन आला. दामिनी ही त्यांची मुलगी. तिला एका कंपनीत नोकरी लागली होती आणि तिथे स्पेनमधल्या गिऱ्हाइकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं होतं. ती भाषा ती उन्हाळाभर घरी बसून शिकली होती. घरात मोठ्याने म्हटलं की चुलते हसत, म्हणून ती गोठ्यात जाऊन म्हणायची. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क एकाच धड्याला होते: प्रेम आणि माया कशी व्यक्त करावी. समोर कोणीतरी हवं म्हणून दामिनीने तो धडा नव्याने आणलेल्या भुऱ्याला म्हणून दाखवला. एक वाक्य म्हणायचं आणि पेंडीच्या ढेपेचा एक खडा त्याच्या तोंडात द्यायचा, असा तिचा अभ्यास चालला. परीक्षेत ती पहिली आली. भुऱ्याही नापास झाला नव्हता, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बकारामने फोनवर सगळं गाऱ्हाणं सांगितलं. दामिनी म्हणाली, स्पीकर लावा आणि फोन त्याच्या कानाशी धरा. मग फोनमधून लाडिक आवाज आला, "मि आमोर!"

भुऱ्याने कान टवकारले आणि तो असा ताडकन उठला की शेजारी उभा असलेला बकाराम चिखलात बसला.

"हे काय म्हणून राहिली तू त्याले?" बकारामने बसल्या जागेवरून विचारलं.

ज्या घरात आईबाप एकमेकांचं नाव घेत नाहीत, त्या घरातल्या पोरीने बापाला कसं सांगायचं की याचा अर्थ 'माझ्या प्रिया' असा होतो? दामिनीने सुचलं ते सांगून टाकलं.

"बाबा, ते... बैलाचेच शब्द होत ते. 'मि आमोर' म्हणजे ऊठ. 'ते किएरो मुचो' म्हणजे चाल पुढं. अन् 'कोरासोन' म्हणजे थांब."

रुख्माला एकाएकी ठसका लागला. बकारामने तिच्याकडे पाण्याचा गडू सरकवला आणि शब्द पाठ करायला घेतले.

त्या दिवसापासून बकारामच्या बांधीत शिव्या बंद झाल्या. पहाटे गोठ्यातून त्याचा जाडाभरडा आवाज यायचा, "मि आमोर." भुऱ्या उठायचा. "ते किएरो मुचो." भुऱ्या चालायचा. "कोरासोन" म्हटलं की ढेप मिळेल या आशेने थांबून मागे वळून बघायचा. प्रेमाने म्हटल्याशिवाय तो हलत नाही हेही बकारामच्या हळूहळू लक्षात आलं. म्हणून तो आवाज मऊ करायला शिकला. का करायचा हे त्याला कळत नव्हतं, पण किल्ली फिरवली की ट्रॅक्टर का सुरू होतो हे तरी कुठे कोणाला कळतं?

रोवणीच्या बायकांनी हे ऐकलं आणि गावात तर्क सुरू झाले. उदाराम म्हणाला की हा छत्तीसगडकडच्या कोण्या महाराजाचा मंत्र आहे. टिकारामचं म्हणणं पडलं की ही सरकारची नवी योजना असावी, बैलांसाठी. बकारामला विचारलं तेव्हा त्याने छाती काढून सांगितलं, "परदेशी भाषा आहे गा. तिकडं सारे बैल असेच चालतेत."

मग काय, ज्याच्या घरी शेपूट असलेलं काही होतं त्याने ते शब्द घेऊन पाहिले. कोणाचाही बैल तसूभर हलला नाही. टिकारामच्या हल्याने, म्हणजे रेड्याने, तर त्याला पाण्यात लोटलं. पण शब्द तोंडात बसले होते, आणि जनावरांवर चालत नाहीत म्हणून लोकांनी ते माणसांवर वापरायला काढले. रेशनच्या रांगेत कोणी बसकण मारली की मागचा म्हणे, "मि आमोर, मि आमोर." उदारामने गोंदियाच्या बसमधल्या कंडक्टर बाईंना गाडी थांबवायला "कोरासोन" म्हणून पाहिलं, बाईंनी काही न समजून घंटी मारली, म्हणून त्याचा त्या शब्दावर विश्वास बसला. टिकारामने आपल्या सासूला ऑटोकडे चालवत नेताना वाटभर "ते किएरो मुचो" म्हणत घाई केली. सासूला वाटलं की जावई शेवटी इंग्रजी शिकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बकारामने बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकले आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं रीतीप्रमाणे आमंत्रण दिलं. भुऱ्याला समजेल की नाही या शंकेने त्याने मागे "मि आमोर" जोडलं.

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, जमलं. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, लाऊडस्पीकरवर झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, चाललेल्या, आणि कडेला दुलीचंदचा ट्रॅक्टर फुलांच्या माळा घालून तयार. भुऱ्या झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून डौलात आला. बरोबर तोरणाखाली पोचला. तिथे ढोल वाजले, फटाका फुटला आणि भुऱ्या बसला.

बकाराम मुळीच घाबरला नाही. हसत खाली वाकला. तेवढ्यात दुलीचंद आडवा आला. "मंत्राचं काम नाई चालनार पोळ्यात. आधी सांग, काय म्हणतेस तू त्याले?"

"मंत्र नाई, भाषा होय."

"मंग तपासू दे."

दुलीचंदची सून चेतना नागपूरची होती. तिच्या फोनमध्ये कुठलीही भाषा ऐकून हिंदीत सांगणारी सोय होती. दुलीचंदने तो फोन बकारामसमोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून माइकही जवळ ओढला. बकारामला त्यात आपला मोठेपणाच वाटला. त्याने घसा खाकरून तिन्ही शब्द एकापाठोपाठ, भुऱ्याने शिकवलेल्या मऊ आवाजात म्हटले.

फोनमधली बाई क्षणभर थांबली. मग लाऊडस्पीकरवरून पार तलावापर्यंत तिचा आवाज गेला: "मेरी जान. मैं तुमसे बहुत प्यार करता हूँ. मेरे दिल."

आखरावर आधी कोणालाच काही कळलं नाही. चेतनाला वाटलं फोन बिघडला, तिने पुन्हा ऐकवला. फोनचं मत बदललं नाही. मग हसू फुटलं, पण पुरतं फुटायच्या आत एकेका चेहऱ्यावर वेगळाच विचार उमटू लागला. आपण हे कोणाकोणाला म्हणालो याची जो तो मनात उजळणी करत होता. उदाराम कंडक्टर बाई आठवून घाम पुसू लागला. टिकारामने गर्दीत सासू कुठे आहे ते पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

बकाराम तर पुतळाच झाला. रोवणीभर, चाळीस बायकांच्या देखत, आपण हे बोलत होतो? आणि भुऱ्या अजून बसलेलाच होता. दुलीचंदने ट्रॅक्टर सुरू केला.

म्हटलं तर एक शब्द पुरला असता. काल हाच शब्द बकारामच्या तोंडून सहज जात होता. आता अर्थ कळला आणि तोच शब्द जड झाला. सगळ्या गावासमोर, शुद्धीवर असलेल्या माणसाने, 'माझ्या प्रिया' म्हणायचं? त्याने भुऱ्याला शेपटीपाशी ढकलून पाहिलं. खाकरून पाहिलं. भुऱ्या रवंथ करत राहिला. ट्रॅक्टरचं पुढचं चाक तोरणाच्या दोरीपाशी आलं.

तेव्हा रुख्मा ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली आणि हळूच म्हणाली, "म्हणा ना. रोजचंच तं आहे."

बकारामने डोळे मिटले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मि आमोर," तो म्हणाला, आणि दुलीचंद ऐकत होता म्हणून लगेच पुढचंही म्हणून टाकलं, "ते किएरो मुचो." भुऱ्या उठला आणि तोरणाखालून ऐटीत निघून गेला. मान राहिला. लोक पोट धरून हसत होते, पण मान राहिला.

संध्याकाळी पुरणपोळीच्या ताटावर बकाराम मान खाली घालून बसला होता. त्याने सांगून टाकलं की उद्या बाजारात नेऊन भुऱ्या विकतो, आणि दामिनीला फोनवर असं झापतो की ती मराठीसुद्धा विसरेल.

"तिले काई बोलू नका," रुख्मा म्हणाली. "तिनं मले उन्हाळ्यातच सांगतलं होतं, कोन्त्या शब्दाचा काय अर्थ होते ते."

बकारामचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुले मालूम होतं? पयल्या दिवसापासून?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

रुख्माने त्याच्या ताटात तूप वाढलं. मग म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी बंद केलं असतं. मी रोज सकाळी गोठ्याच्या भिंतीले लागून सडा टाकत जावो. चांगलं वाटे आयकाले."

बकारामने खाकरून पाहिलं, पण हे खाकरणं चहाचं नव्हतं की पंच्याचं नव्हतं, आणि रुख्मालाही ते ओळखता आलं नाही. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ हातच धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्माने स्वतः दोन्ही बैल सोडून गुराख्याच्या हवाली केले आणि चुलीपाशी येऊन बसली. बकाराम उठला, अंगणात घुटमळला, एकदा चुलीकडे बघून गोठ्यात शिरला. आत दावण मोकळी होती. मग भिंतीपलीकडून, अगदी दबक्या आवाजात, शब्द आले.

"मि आमोर."

रुख्माने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"आयकू नाई येऊन राहिलं," ती म्हणाली.