दोन हॉर्न आणि सात टोपल्या

“पालेर्मोतली अशी एक गल्ली दाखव, जिथे माझी गाडी शिरणार नाही!” कोझिमोने स्टीअरिंगवर थाप मारून जाहीर केलं. एन्नाच्या घाटात एकोणतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, असं बोलायचा त्याला हक्कच होता. नसता तरी तो बोललाच असता.

“शिरण्याचं मला सांगू नकोस,” शेजारून त्याची बायको इम्माकोलाता म्हणाली. “सिराकुसाला काय पाहिलं मी? पार्किंग! त्रापानीला? गळकी नळी! चेफालूचं कॅथेड्रल खिडकीतून पाहिलं, तेही तू गाडी मागे घेताना! हा कागद बघ. सोन्याच्या नक्षीचं राजाचं देवघर. कॅथेड्रल. चण्याच्या पिठाचे तळलेले पानेल्ले. प्लीहा घातलेला गरम पाव. आणि समुद्राकाठी बसून खायची गोड कान्नोली. संध्याकाळपर्यंत या पाचांवर खुणा झाल्या नाहीत, तर रविवारी गास्पारे येऊन ही सवत घेऊन जाणार. मी भावाला शब्द दिलाय!”

सवत म्हणजे ती गाडी. आत पलंग, शेगडी, इवलीशी मोरी आणि छताला उघडणारी खिडकी. कोझिमो बायकोचा वाढदिवस विसरे, पण सवतीच्या टायरमधली हवा कधी विसरला नव्हता. ती गास्पारेच्या हाती जाणार, आणि गास्पारे तिच्यातून मासळी वाहणार! आज काय वाटेल ते होवो, पाचही खुणा करून दाखवायच्याच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

नऊच्या सुमारास जुन्या शहरातल्या एका गल्लीत त्याला चक्क रिकामी जागा दिसली. दोन्ही बाजूंना गाड्यांची दाटी, आणि नेमकी एवढीच जागा मोकळी! ती मोकळी का, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. कोझिमोला नुसता आनंद झाला. वळताना त्याने घाटातल्या सवयीने दोनदा हॉर्न दिला, छताची खिडकी उघडली आणि शेगडीवर कॉफी चढवली.

“कॉफी घेऊ आणि निघू. पाच मिनिटं!”

तेवढ्यात छतातून एक टोपली खाली आली.

दोरीला बांधलेली वेताची टोपली कॉफीच्या भांड्यावर अलगद टेकली. आत कपड्यांच्या चिमट्यात धरलेली चिठ्ठी होती. ‘टोमॅटो दोन किलो. मागच्या गुरुवारसारखे पिचके नकोत.’

कोझिमोने खिडकीतून मान वर काढली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दोरी धरून उभी होती. तिचं नाव सिन्योरा निन्फा, हे पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळ्या गल्लीने त्याला ओरडून सांगितलं.

“सिन्योरा, चूक होतेय! मी भाजीवाला नाही!”

“मग दोन हॉर्न कुणी दिले? बिशपने?”

“ती माझी सवय आहे हो!”

“मलाही सवय आहे! चाळीस वर्षं दर गुरुवारी दोन हॉर्न वाजले की मी टोपली सोडते. माझे गुडघे काय तुझ्यासाठी जिना उतरणारेत? आणि खिडकीशी त्या पेट्या कसल्या रे? कबुतरांच्या?”

इथे कोझिमो अडचणीत आला. पेट्या टोमॅटोच्या आणि वांग्यांच्याच होत्या. बाजारची भाजी पाण्याची असते, खरी भाजी फक्त आपल्या परसातली, असं त्याचं ठाम मत असल्यामुळे आठवड्याच्या सहलीला तो तीन पेट्या लादून निघाला होता.

“मी वर जाऊन समजावते,” इम्माकोलाता उठली. “तू कुणाला काही देऊ नकोस. एकीला दिलंस की संपलं!”

ती गेली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. टोपली काही हलेना. देवघर बघायला उशीर होत होता. दोन किलोंनी काय होतंय, असं म्हणून कोझिमोने टोपली भरली.

“अगं बायांनो!” चौथ्या मजल्यावरून आरोळी आली. “टोमॅटोचा वास घ्या नुसता! दॉन तानोने नवा माणूस ठेवलाय!”

बघता बघता आणखी सहा टोपल्या उतरल्या. दोन छतातून, तीन खिडकीशी, एक थेट आरशावर. कोझिमोने घाईघाईने इंजिन सुरू केलं आणि गाडी वीतभर पुढे घेतली.

“थांब मेल्या! दोरी अडकलीय! माझा कठडा उपटशील!”

दोऱ्या आरशाला, मागच्या शिडीला आणि एकमेकींना गुंडाळल्या होत्या. कोझिमोने इंजिन बंद केलं. तेवढ्यात समोरून एक स्कूटर गेली. चालवणारी सिन्योरा निन्फाची लेक क्रोचिफिस्सा, आणि मागे भलंमोठं हेल्मेट घातलेली इम्माकोलाता!

“कोझिमो! ही मला देवघर दाखवून आणते! स्कूटर कुठेही शिरते म्हणे! तू मोकळा झालास की ये!”

“पण कुठे?”

स्कूटर वळलीसुद्धा.

कोझिमोने बाह्या सरसावल्या. बारापर्यंत सगळ्या टोपल्या वाटेला लावायच्या आणि साडेबाराला बायकोला गाठायचं! “ढकलाढकली नको! मागून पुढे सरका!” असं तो बसमध्ये ओरडायचा तसा ओरडू लागला. साडेदहाला पाठीमागे दोन हॉर्न वाजले. खरा भाजीवाला, दॉन तानो, आपल्या तीनचाकीतून उतरला.

“माझ्या जागेवर कोण हा?”

“घ्या हो तुमची जागा! पाया पडतो! फक्त तेवढी तीनचाकी मागे घ्या!”

दॉन तानोने घेतलीही असती. पण त्याचे हॉर्न ऐकून समोरच्या बाजूच्या टोपल्या उतरल्या आणि तोही बांधला गेला.

“आता एक वाजेपर्यंत विसरा,” तो म्हणाला. “भरत्या टोपलीखालून गाडी काढली, तर या बायका मला जन्मभर माफ करणार नाहीत.” मग त्याने पेटीतला एक टोमॅटो उचलून खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. “हे पिकवले कुणी?”

“मी,” कोझिमो म्हणाला. त्याही अवस्थेत त्याची छाती फुगली.

“झाका ती पेटी! माझा धंदा बसवाल!”

“झाकू नकोस!” सातही गॅलऱ्या एका आवाजात ओरडल्या.

एक वाजता टोपल्या वर गेल्या, दॉन तानो गेला, गल्लीत तळणाचा वास सुटला. शेगडीवर कॉफीचं भांडं जळून काळं झालं होतं. उरली होती तीन वांगी. कोझिमो सवतीच्या दारात कपाळाला हात लावून बसला. पाचांपैकी एकही गोष्ट तो बायकोला दाखवू शकला नव्हता. आता रविवारी गास्पारे येणार!

स्कूटर येऊन थांबली. इम्माकोलाताच्या ओठांवर साखर होती. तिने कागद त्याच्यासमोर धरला. पाचांवर पाच खुणा!

“गास्पारेला नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली. “गाडी विकायची नाही.”

“नाही?” कोझिमो ताडकन उठला.

“अरे, आजवर तू मला पार्किंग शोधत फिरवत होतास. आज पहिल्यांदा गाडी एका जागी राहिली आणि मला शहर दिसलं! चल वर, सिन्योरा निन्फाने जेवायला बोलावलंय. आणि पुढच्या गुरुवारी नऊला चार किलो टोमॅटो. मी शब्द दिलाय.”

“आणि मी? मी काहीच पाहिलं नाही! निदान कॅथेड्रल तरी!”

“छतातून मान काढ. घुमट दिसतो म्हणे.”

कोझिमो स्टुलावर चढला आणि त्याने मान बाहेर काढली. दोन गच्च्यांच्या मधून घुमटाची कड दिसली न दिसली, तोच डोक्यावर टोपली येऊन टेकली. आत एक वांगं होतं आणि चिमट्यात चिठ्ठी.

‘किडकं निघालं. बदलून दे.’

कोझिमोने मान आत घेतली आणि पेटी उघडली.