आ करा

विमलताई राम राम म्हणत नाही. समोर माणूस आला की म्हणते, "आ करा." केडगावच्या आमच्या वृद्धाश्रमात पहिल्यांदा आली तेव्हा व्यवस्थापक हार घेऊन उभे होते. तिनं पिशवीतून बॅटरी काढली, त्यांच्या तोंडात उजेड पाडला, तंबाखू सोडा म्हणाली, आणि मग हारासाठी मान पुढं केली.

बाई दातांच्या दवाखान्यात नर्स होती. आता दर बुधवारी नगरहून येते आणि म्हाताऱ्यांची तोंडं कशी साफ ठेवायची ते इथं आमची देखभाल करणाऱ्या पोरींना शिकवते. मी चौथी नापास. पण असं शिकवणं मी कुठं पाहिलं नाही. पोरींना खुर्चीत बसवते आणि ब्रश माझ्या हातात देते. जन्मभर मी बैलांचे दात बघून वय सांगितलं, मला काय अवघड? पण संगीताच्या तोंडात ब्रश घातला तशी पोरगी ओकाऱ्या काढत उठली.

"तुमी रोज असंच कोंबता," ताई तिला म्हणाली. "आधी इचारायचं, मग हात लावायचा." मग मला म्हणाली, "बाबा, तुमी लई वाईट घासता, म्हनून तर बोलावलं."

हे मला अजून पटलेलं नाही.

पाथर्डीकडची गोदाबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी, पण दात पांढरेशुभ्र. या वयात असे दात, म्हणून पोरी सगळ्यांना दाखवायच्या. ती मध्येच जेवेनाशी झाली. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तोंड फिरवायची. आजीची अन्नावरची वासना उडाली, असं संगीता म्हणाली. लेकाला फोन गेला. उशाशी गंगाजल आलं.

बुधवारी ताईनं ते गंगाजल पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"हे घालायला तोंड उघडाल, आन् आत बघायला न्हाई?"

पण गोदाबाईनं ओठ आवळले, तोंडाला पदर लावला. ताई खाटेवर बसली, मान खाली घातली आणि आपली कवळी काढून तळहातावर ठेवली. गाल पार आत गेले. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. गोदाबाई बघत राहिली. मग तिनं पदराआड आपलीही काढली. खाली हिरडी सोलवटून लाल झाली होती. कौतुक इतकं झालं होतं की बिचारीला ती काढायची सोयच उरली नव्हती.

संगीता रडायला लागली. ताई रागावली नाही. रोज रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, ते दाखवलं. ओलं फडकं बोटाला गुंडाळायला लावलं.

"आजी, लावू का हात?" संगीतानं विचारलं.

"लाव, बाई."

मग मऊ भात आला. ताईही जेवायला बसली, तशीच, बोळक्या तोंडानं. मी म्हणालो, ताई, तुमची तरी लावा की आता.

"घरी अशीच जेवते, बाबा. तिथं बघायला हाय कोन?"

नगरची बस दारावरून गेली. ताई उठली नाही. गोदाबाईच्या ताटात अजून भात होता.