तिसऱ्या हाकेचे गुरुजी

वाघेरे गुरुजींना एकदा हाक मारली तर ते ओ देत नाहीत. दोनदा मारली तरी नाही. समोर बसलेले असतात, आपल्याकडेच बघत असतात, पण ओ नाही. तिसऱ्यांदा "गुरुजी" म्हटलं की लगेच, "काय गं पोरी?"

मला आधी वाटलं, कमी ऐकू येत असेल. मग त्यांनीच सांगितलं, "पहिली हाक वाऱ्याची, दुसरी त्याची, तिसरी माणसाची."

"त्याची म्हणजे कोणाची?"

गुरुजींनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "नाव घेतलं की येतो," म्हणाले आणि शांतपणे बशीतला चहा प्यायले. मी मात्र नंतर बराच वेळ मागे वळून बघत होते.

आमच्याकडच्या पाड्यांवर हे सगळेच मानतात. माझी आईसुद्धा रानात पहिल्या हाकेला ओ देत नाही. पण गुरुजी हा नियम जव्हारच्या भर बाजारातही पाळतात. मोबाइल तिसऱ्यांदा वाजला तरच उचलतात. त्यामुळे लॉटरी लागल्याचं सांगणाऱ्या भामट्यांनी त्यांचा नाद सोडला आहे. चहावाला मात्र वैतागतो. "गुरुजी, तिसऱ्या हाकेला चहा थंड मिळंल हां!"

गुरुजींची ओळख झाली ती निधीमुळे. जव्हार-मोखाड्यातून शिकून नोकरीला लागलेल्या लोकांनी वर्गणी काढून हा निधी उभा केला. इथल्या लहान संस्था आणि बचत गट त्याच्याकडे अर्ज करतात. पाच जणांच्या समितीतले काहीजण जागेवर जाऊन बघतात आणि कोणाला मदत द्यायची ते समिती हात वर करून ठरवते. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी त्या पाचांतले एक. मी जव्हारला बी.ए. करते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. समितीबरोबर जाऊन पाहिलेलं लिहून काढायचं, एवढंच माझं काम.

यंदा एकाच कामापुरते पैसे उरले होते आणि अर्ज दोन होते. खोडाळ्याच्या एका संस्थेला मुलांसाठी संगणकाची खोली हवी होती. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या बचत गटाला दरीतला झरा बांधून नळीने पाणी वर आणायचं होतं. खोडाळ्यात आमचं स्वागत टाळ्यांनी झालं, नारळही मिळाला. पाड्यावर मात्र साहेब, गुरुजी आणि मी पोचलो तेव्हा कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

साहेब म्हणजे समितीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, चांगले पण घाईचे.

होळी होऊन गेली होती. ऊन अगदी डोक्यावर होतं. घरांची दारं बंद, आणि प्रत्येक दाराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली. माणसं वीटभट्टीवर जाताना लावून जातात तशी. एका अंगणात मुसळ आडवं पडलेलं. चुलीतल्या राखेवर मी हात धरला, राख गरम होती. मी हात पटकन मागे घेतला, कोणाला काही बोलले नाही.

"अहो, आहे का कोणी?" साहेबांनी हाक मारली.

काही नाही. पानसुद्धा हललं नाही. पण कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला सारखं वाटत होतं.

त्यांनी पुन्हा हाक मारली. कुठल्याशा घरात भांड्याचा बारीक आवाज झाला आणि थांबला.

"उंदीर," साहेब म्हणाले. "चला. अर्ज करणाऱ्या बायकाच भट्टीवर गेल्यात. पाणी कोणाला पाजायचं, ह्या दारांना?"

"थांबा," गुरुजी म्हणाले. "भर दुपार आहे. ही त्याचीच वेळ."

"कोणाची वेळ?"

"साहेब, नाव नको." गुरुजींनी टोपी नीट केली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घरच्या बोलीत लांब हाक मारली.

"कोन आहा?"

आवाज माझ्या पाठीमागून आला, अगदी कानाशी. मी ज्या दाराशी उभी होते त्याच्या आतून. मी किंचाळलेच. साहेब माझ्याहून मोठ्याने किंचाळले, ते त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलं होतं.

मागच्या दारांनी एकेक म्हातारी, एकेक म्हातारा बाहेर आला. कर्ती माणसं भट्टीवर गेलेली, ही मागे राहिलेली. घर रिकामं असलं की लोक बाहेरून कुलूप लावतात. इथे उलटं होतं. घर रिकामं वाटावं म्हणून फांदी लावली होती, म्हणजे आत एकटी म्हातारी आहे हे कोणाला कळू नये.

पुढच्या आजीने गुरुजींना ओळखलं. "जावय, तू व्हय? मंग त्या मोटारवाल्याला का वरडायला लावलास? मी म्हटलं, दुपारचा भूत सूट घालून आला!"

गुरुजींची बायको ह्या पाड्यावरची होती, हे मला तेव्हा कळलं.

आजीने तांब्या पुढे केला. आम्ही प्यायलो. साहेबांनी पुन्हा मागून घेतलं. "तुम्ही नाही घेत?" मी विचारलं.

"आता पोरा उतरतील खाली पान्याला, मंग," आजी म्हणाली. कुठली पोरं, ते तिने सांगितलं नाही. पाड्यावर पोर एकही नव्हतं, आणि तिच्या मागचा हंडा पालथा होता.

निवडीच्या बैठकीत झऱ्याचा अर्ज आला आणि गुरुजी उभे राहिले. "मी बाहेर जातो. ज्याचं माणूस त्या गावात, त्यानं हात वर करायचा नाही, असा आपला नियम आहे."

समितीतल्या मेघाताई दवाखान्यात नर्स आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "गुरुजी, बसा. तुमचा हात गेला तर पाणी जाईल."

"आणि वहिनी तर आता नाहीत," साहेब म्हणाले.

"आहे की. माहेरच्या मातीतच ठेवलंय तिला," गुरुजी म्हणाले. "माणूस जिवंत पाहिजे असं नियमात कुठं आहे?" आणि ते गेले.

उरले चार. झऱ्याला दोन हात, संगणकाला एक. बरोबरी झाली तर अध्यक्षांचा शब्द शेवटचा, म्हणजे सगळं साहेबांवर. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, बघितला आणि न पिता खाली ठेवला. मग झऱ्यासाठी हात वर केला.

मी सांगायला बाहेर आले. गुरुजी पडवीतल्या बाकाच्या एका टोकाला बसले होते. बाजूला एका माणसाची जागा सोडलेली. तिकडे वळून ते घरच्या बोलीत हळू आवाजात काहीतरी समजावत होते. मध्येच थांबत होते, ऐकून घेत असल्यासारखे. एकदा हसलेही.

मला पुढे जाववेना. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले.

"मंजूर झालं," मी म्हटलं.

गुरुजींनी मान हलवली. मग बाजूला वळून, तिला समजेल अशा शब्दांत, तेच पुन्हा सांगितलं.