साडेनऊ इंच

शेजारच्या रिकाम्या घराचं गवत आपणच कापावं, असं ऑरव्हिल झिल्केंनी जून महिन्यातल्या एका मंगळवारी ठरवलं. ही गोष्ट बायकोला सांगायची नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. (पहिल्या निर्णयाने कंबर गेली, दुसऱ्याने काय गेलं ते पुढे येईलच.)

त्या वर्षी ओहायोत गल्लोगल्ली घरं ओस पडत होती. शेजारचे हचिन्स कर्ज थकल्यावर एका सकाळी भाड्याच्या ट्रकमध्ये संसार घालून निघून गेले. घर बँकेकडे गेलं. बँक होती हजार मैलांवर, आणि गवत काही बँकेला विचारून वाढत नाही. ते गुडघ्याला लागलं, मग कमरेला.

एरवी झिल्केंनी दुर्लक्ष केलं असतं, पण त्यांना स्वतःचं घर विकायचं होतं. ॲरिझोनातल्या मुलीला जुळं होणार होतं आणि त्यांच्या बायकोने, आर्लीनने, नोव्हेंबरच्या आत तिकडे मुक्काम हलवायचा निश्चय केला होता. दलालबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, की मेलेल्या घराशेजारचं घर कुणी घेत नाही.

बायकोपासून लपवण्याची कारणं दोन होती. एक, झिल्केंची कंबर. डॉक्टरांनी त्यांना गवत कापायची सक्त मनाई केली होती. त्यांच्या स्वतःच्या अंगणासाठी ड्वाइट नावाचा माणूस यायचा, आणि तोही जुलैच्या सुरुवातीला पाय मोडून घरी बसला. दुसरं कारण अधिक नाजूक होतं. झिल्के नगरपालिकेत एकतीस वर्षं कारकून होते, आणि आठ इंचांवर गवत वाढलेल्या घरमालकांना नोटिसा धाडण्यातच त्यांची हयात गेली होती. परक्याच्या आवारात लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे गुन्हा, हे वाक्य ते जेवणाच्या टेबलावर प्रार्थनेच्या खालोखाल म्हणत. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

तेव्हा दर मंगळवारी आर्लीन चर्चच्या गायनाला गेली, की हाताने ढकलायचं जुनं, बिनआवाजी यंत्र घेऊन ते कुंपणाच्या फटीतून पलीकडे जात. कापताना रेषा सरळ आल्या पाहिजेत यावर त्यांचा कटाक्ष होता. गुन्हा करायचा तर नीटनेटका, असा त्यांचा सरकारी स्वभाव.

चौथ्या मंगळवारी त्यांना त्या घराच्या पायरीवर जिरेनियमची कुंडी दिसली. माती ओली होती.

पुढच्या आठवड्यात ओसरीवर वेताची खुर्ची आली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीला पिवळा चौकडीचा पडदा. पडदा ओळखीचा वाटला. घरी येऊन त्यांनी तळघरात पाहिलं, तर त्यांची वेताची खुर्ची जागेवर नव्हती. म्हणजे घुसखोर नुसता घुसखोर नव्हता, चोरही होता.

"तिथे कुणीतरी राहतंय," रात्रीच्या जेवणाआधी ते म्हणाले.

बटाटा सोलता सोलता आर्लीन थांबली. "कशावरून?"

"पडदा लागलाय. आणि आपली खुर्ची गायब आहे."

"खुर्ची मी चर्चच्या विक्रीला दिली," ती घाईघाईने म्हणाली. "आणि पडदा लावणारा माणूस कधी वाईट नसतो. मला भीती वाटते ती गवत कापणाऱ्याची. त्या रेषा बघितल्यास? धड माणूस एवढ्या सरळ रेषा काढतो का?"

"सरळ रेषेला कसब लागतं," झिल्के दुखावून म्हणाले.

"तुला काय ठाऊक?"

"नाही, ऐकलंय."

आर्लीनने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग हवा हुंगली आणि घरात हल्ली सारखा मलमाचा वास का येतो, असं विचारलं. झिल्केंनी तो वास शेजारून येत असावा, असं सांगून विषय मिटवला. (घुसखोराच्या माथी आणखी एक आरोप.)

त्यांनी पाळत सुरू केली. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. न्हाणीघराच्या खिडकीत उभं राहून ते दुर्बिणीने शेजारचं घर न्याहाळत, आणि त्या नादात आपल्या अंगणाकडे बघायचं राहून गेलं. आर्लीनने ड्वाइटच्या जागी दुसरा माणूस शनिवारसाठी ठरवला होता. रविवारी ओकासिओ नावाचं तरुण जोडपं घर दुसऱ्यांदा बघायला येणार होतं, आणि दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक म्हणजे अर्धा सौदा. त्याआधी घुसखोर हटवायलाच हवा म्हणून शुक्रवारी झिल्केंनी आपल्या जुन्या कचेरीत फोन केला.

केंड्रिक बॉइल आला. हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. शेजारच्या घराला त्याने फेरी मारली, कुलूप हलवून पाहिलं, काचेतून डोकावला आणि परत येऊन म्हणाला, "आत कुणी नाही साहेब. पण गवत काय सुरेख ठेवलंय. तीन इंच, कडेपर्यंत." मग त्याने खिशातून पट्टी काढली आणि झिल्केंच्याच अंगणात वाकला.

"केंड्रिक, मी आहे," झिल्के म्हणाले.

"साडेनऊ इंच आहे, साहेब." तो खरोखर ओशाळला होता. "तुम्हीच शिकवलंत ना, नाव बघायचं नाही, पट्टी लावायची."

नोटीस दारावर चिकटली. मजकुरात एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. तो झिल्केंनीच एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला होता. मालकाचा पत्ता लागत नसल्यास इमारत बेवारस समजण्यात येईल, हे शेवटचं वाक्य त्यांना तेव्हा फार आवडलं होतं. कचेरीच्या पाहणीशिवाय नोटीस दारावरून उतरवणं हा गुन्हा असल्याने ती तशीच राहिली. शनिवारी दिवसभर पाऊस लागला आणि ठरवलेला माणूस फिरकला नाही.

रविवारी ओकासिओ जोडपं आलं. नवऱ्याने दारावरची नोटीस सावकाश, सगळी वाचली. बायको मात्र कुंपणापलीकडे बघत होती.

"ते घर किती छान ठेवलंय," ती म्हणाली. "तिथलं गवत कोण कापतं?"

एकतीस वर्षांत झिल्केंना असं कुणी विचारलं नव्हतं. कंबर, डॉक्टर, गुन्हा सगळं विसरून ते म्हणाले, "मी."

"आणि पडदे?"

"पडदे मी लावले," आर्लीन म्हणाली. "खुर्चीही माझीच. हचिन्सांची किल्ली होती माझ्याकडे."

झिल्के नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. इतके आठवडे दोघं ज्या घुसखोराला घाबरत होते, तो रोज टेबलाच्या पलीकडे बसून जेवत होता.

"म्हणजे ते रिकामं आहे?" ओकासिओने विचारलं. "बँकेचं?"

सप्टेंबरमध्ये ओकासिओंनी ते घर बँकेकडून निम्म्या किमतीत घेतलं, वेताच्या खुर्चीसकट. जुळं झालं तेव्हा आर्लीन एकटीच ॲरिझोनाला गेली. घर विकलं की मागून ये, असं सांगून. झिल्के मलम चोळत खिडकीशी बसून राहिले.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी बाहेर खरखर ऐकू आली म्हणून त्यांनी दार उघडलं. ओकासिओ त्यांचं गवत कापत होता, आणि पायरीवर जिरेनियमची कुंडी होती.

तो दचकून थांबला. "माफ करा हं. तुम्ही आत असाल असं वाटलं नाही. बायको म्हणाली, जरा कुंडी ठेवू या, म्हणजे घरात कुणीतरी राहतंय असं दिसेल."