पाण्याची डबी

सकाळचे नऊ वाजले, मोबाईल ठणाणा करू लागला, आणि वैजनाथराव समोरच्या डबीकडे नुसते बघत बसले.

दोन वर्षांपूर्वी दमयंतीबाईंनी त्यांना आपली किडनी दिली. तेव्हापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्या चुकवायच्या नाहीत. चुकल्या तर शरीर नवी किडनी परकी समजून तिच्यावर उठणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता त्या दुष्काळी वर्षात शहरातल्या गारखेड्याला नळ आठव्या दिवशी यायचा. गुरुवार-शुक्रवार कुणाच्या ध्यानात नसायचा, पाण्याचा दिवस मात्र पोरासोरांनाही पाठ. म्हणून दमयंतीबाईंनी हिंगाच्या आठ डब्या धुतल्या, त्यांत पाकिटासकट कापलेल्या गोळ्या भरल्या आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या: पाणी, पाणी अधिक एक, अधिक दोन, असं अधिक सातपर्यंत. पाणी आलं की सगळ्या पुन्हा भरायच्या. व्यवस्था चोख होती. फक्त नळाला ती कुणी कळवली नव्हती.

काल अधिक सात संपली; पाण्याची डबी तेवढी दमयंतीबाई गावाला जाण्याआधी भरून गेल्या होत्या. आज पाणी यायला हवं होतं, आलं नाही. दमयंतीबाई भाचीकडून पैठणहून परतत होत्या आणि एसटीत फोन लागत नव्हता.

शेजारचे करीमभाई डोकावले. "क्या हुआ, काका? मोबाईल कवापासून बोंबलतोय."

"पाण्याची डबी आज खाल्ली, अन् उद्या पाणी आलं, तर उद्या काय खाऊ?" वैजनाथराव म्हणाले. जिल्हा परिषदेत तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हा प्रश्न अगदी रास्त वाटत होता. "शिवाय आपल्या मनानं फेरफार करायचा नाय, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग टँकर बोलावू?"

"टँकर नको. डबीवरचं पाणी म्हणजे नळाचं धरलंय."

करीमभाई चौकात पाणी सोडणाऱ्या लाइनमनला विचारायला धावले. ते धावताना दिसले, म्हणजे पाणी सुटलं, असं गल्लीनं धरलं. समोरच्या आशाबाईंनी आरोळी ठोकली आणि पाच मिनिटांत हंडे, पाइप, ड्रम घेऊन सगळे बाहेर. गर्दी टाळायची म्हणून वैजनाथराव मास्क लावून, डबी आणि पाण्याची बाटली घेऊन जिन्यावर चढले.

नऊ पंचवीसला फोन वाजला.

"अहो, गोळी घेतली का?"

"कशी घेणार? पाणी कुठं आलंय?"

सगळी हकीकत ऐकल्यावर दमयंतीबाईंचा आवाज एसटीच्या खडखडाटातूनही गल्लीभर गेला. "मी किडनी तुम्हाला दिलीय, महापालिकेला नाही! तिला पाण्याची पाळी कळत नाही, नऊ वाजलेले कळतात. आत्ता घ्या. आणि उशीर झाला म्हणून रात्री दुप्पट घेऊ नका!"

वैजनाथरावांना मनापासून लाज वाटली. ज्या बाईनं पोट चिरून घेतलं, तिच्या देण्याला आपण एका चिठ्ठीपायी टांगून ठेवलं होतं. त्यांनी बाटलीतल्या उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या.

घोट खाली उतरतोय तोच नळ खोकला, फुरफुरला आणि धो धो वाहू लागला. अख्खी गल्ली जिन्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी दमयंतीबाईंनी चिठ्ठ्या खरवडून सात डब्यांवर वार लिहिले आणि आठवीत पुन्हा हिंग भरला. "गोळीनं कुठं पाणी येतं का? खुळे लोक," असंही त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी पावणेनऊलाच आशाबाईंची हाक आली, "काका, गोळी घेताय ना? आम्ही थांबलोय!" मागून करीमभाई ओरडले, "नऊ मतलब नऊ, काका!"

वैजनाथराव गोळ्या आणायला आत गेले. दमयंतीबाईंनी घरातले तिन्ही ड्रम आधीच रिकामे करून नळाला पाइप लावून ठेवला होता.